गृहीतक, सिद्धांत, नियम : एका पाठ्यपुस्तकातील चौकट

माध्यमिक शाळेसाठीच्या या विज्ञान पाठ्यपुस्तकातील आकृत्या सुबक आहेत, प्रयोगांच्या कृती नेमक्या आहेत आणि भाषाही बोजड नाही. तक्रार आहे ती पहिल्याच प्रकरणातील एका चौकटीविषयी. गृहीतक पडताळून खरे ठरले की त्याचा सिद्धांत होतो आणि सिद्धांताविषयी कोणतीही शंका उरली नाही की त्याचा नियम होतो, अशी तीन पायऱ्यांची शिडी तिथे बाणांसह रेखाटली आहे. पाठांतराला ती सोयीची आहे, पण बरोबर नाही.

गंमत अशी, की तिला हे पुस्तकच खोटे पाडते. वायूंच्या प्रकरणातील बॉइलचा नियम १६६२ सालचा आहे. स्थिर तापमानाला वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात का बदलते, हे रेणूंच्या हालचालींवरून उलगडून दाखवणारा वायूंचा गत्यात्मक सिद्धांत मात्र एकोणिसाव्या शतकात पूर्णपणे आकाराला आला. नियम काय घडते ते सांगतो, सिद्धांत ते का घडते ते सांगतो. एकाला बढती मिळून दुसरा तयार होत नाही. समान तापमान आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हे अॅव्होगॅड्रोचे १८११ सालचे गृहीतक पुढे नियम म्हणून ओळखले जाऊ लागले हे खरे, पण मधल्या पायरीवर ते कधी थांबलेच नाही.

नियम म्हणजे अढळ सत्य, ही चौकटीतून होणारी समजूतही टिकत नाही. अतिउच्च दाबाला वायू बॉइलचा नियम काटेकोरपणे पाळत नाहीत. बुधाची कक्षा हळूहळू फिरते आणि तिच्या फिरण्यात शतकाला सुमारे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जो फरक पडतो, तो न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने सुटला नाही. १९१५ साली आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने तो सोडवला. म्हणजे चौकटीच्या हिशेबाने खालच्या पायरीने वरचीला दुरुस्त केले!

शब्दांच्या बाबतीतही पुस्तक निष्काळजी आहे. भूमितीत गृहीतक म्हणजे सिद्ध न करता मान्य केलेले विधान, आणि विज्ञानात तेच तपासायचे विधान. हा भेद कुठेच सांगितलेला नाही.

बाकीचे पुस्तक निःशंकपणे वापरावे. पुढील आवृत्तीत चौकटीतील बाण काढून टाकावेत आणि तोवर शिक्षकांनी हे प्रकरण वायूंच्या प्रकरणानंतर शिकवावे.