डब्ल्यूव्हीडायल: लिनक्सवरील डायल-अपसाठी कामाचा प्रोग्राम

लिनक्सवर डायल-अप जोडणीसाठी (म्हणजे टेलिफोन लाइन व मोडेमवरून इंटरनेटसाठी) पीपीपीडी या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या चॅट स्क्रिप्ट, म्हणजे मोडेमशी करायच्या संवादाच्या फाइल, हाताने लिहिण्याची कटकट ज्यांनी सोसली आहे, त्यांना मोडेमकडून क्रमांक फिरवून ही जोडणी जमवून देणाऱ्या डब्ल्यूव्हीडायल या छोट्या प्रोग्रामचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच्यासोबत येणारी डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ ही आज्ञा सिरियल पोर्ट (मोडेम जोडायच्या जागा) एकेक करून तपासते, एटी या मोडेमसाठी ठरलेल्या आज्ञेला मोडेमचे उत्तर येते का ते पाहते आणि सापडलेला पोर्ट, वेग व मोडेमला द्यायच्या सुरुवातीच्या आज्ञा कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोंदवते; फोन क्रमांक, युजरनेम आणि पासवर्ड एवढेच आपण भरायचे.

खरा उपयोग होतो तो बिघाड शोधताना, कारण मोडेमशी चाललेला संवाद पडद्यावर दिसत राहतो. ‘नो डायलटोन’ असे उत्तर येते आणि रिसीव्हरमध्ये टोन मात्र नीट ऐकू येतो, अशा वेळी सुरुवातीच्या आज्ञेत एक्स३ घालावे, म्हणजे मोडेम टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवतो. कार्यालयातील ईपीएबीएक्सवर (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजवर) याची गरज बऱ्याचदा पडते. ‘कनेक्ट’ उमटूनही गाडी लॉगिनपाशी अडली, तर डब्ल्यूव्हीडायलचा ‘स्टुपिड मोड’ सुरू करावा (नाव काहीही असो, काम शहाण्याचे आहे), म्हणजे लॉगिनच्या सूचनेसाठी न थांबता पीपीपीडी थेट सुरू होतो.

ज्यांचे बरेचसे काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, ते स्वस्त विनमोडेम मात्र लिनक्ससाठी वेगळा ड्रायव्हर नसल्यास डब्ल्यूव्हीडायलकॉन्फला सापडतच नाहीत. हा दोष प्रोग्रामचा नव्हे, तरीही कारण ठाऊक नसलेला नवखा माणूस पोर्टची नावे बदलत बसतो. त्याने सिरियल पोर्टला जोडायचा बाह्य मोडेम घेतलेला बरा.