हँड गिअरच्या नावाखाली 42,590 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

जुनी फियाट किंवा पद्मिनी उभी करायला घेतली असेल आणि ‘कंपनी पॅक हँड गिअर (स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर) सेट, शेवटचा एकच नग’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे 42,590 रुपये गेले आणि बदल्यात एक लाकडी खोका आला. आतलं भंगारसुद्धा धड फियाटचं नाही.

गाडी 1968 ची फियाट 1100, वडिलांनी नंबर लावून घेतलेली. इंजिन बांधून झालं, पत्र्याचं काम झालं, अडलं ते गिअरवर. हँड गिअरवाल्यांना हे दुखणं सांगायला नको. स्टिअरिंगच्या दांड्यालगतची शाफ्ट, तळाशी आर्म, तिथून गिअरबॉक्सकडे जाणारे रॉड आणि सांध्यासांध्यात बुश. बुश झिजले की खेळ येतो, दुसरा टाकायला जावं तर लिव्हर मध्येच अडकतो, आणि भर चौकात बॉनेट उघडून आर्म हाताने सोडवावा लागतो. माझ्याकडे नुसते बुश बदलून भागणार नव्हतं. तळाचा आर्म वेल्डिंग खाऊन खाऊन संपला होता, म्हणजे पूर्ण सेटच हवा.

‘खालचा गिअर, म्हणजे फ्लोअरवरचा, करून टाका’ म्हणणारे भरपूर भेटले. प्रीमियर 118एनई गाडीचा निसान गिअरबॉक्स बसतो, पण त्यासाठी टनेल (गिअरबॉक्सवरचा तळाचा उंचवटा) कापा, प्रोपेलर शाफ्ट जुळवा. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायची तर चासी, बॉडी शेल, इंजिन यांत फेरफार चालत नाहीत. उद्या कुणी कापलेल्या टनेलवर बोट ठेवलं तर? शिवाय खालचा गिअर टाकलेली 1100 मला बघवत नाही. पुढच्या सोफ्यावर तिघं बसणार नसतील तर ती फियाट कसली? ही माझी सगळी मतं सेट विकणाऱ्या त्या माणसाने पहिल्याच फोनमध्ये काढून घेतली आणि नंतर तीच मला परत ऐकवली. “काका, कापू नका हो गाडी, पाप लागेल.” इतकं गोड बोलणारा विक्रेता भेटला की फोन ठेवा.

माल म्हणे बंद पडलेल्या एका डीलरच्या गोदामातला. यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. फियाटचे सुटे भाग कुठून कुठून निघतात हे या नादातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता त्याने पाठवलेला तो फोटो.

फोटोत लिव्हर स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला होता. आपल्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून लिव्हर डावीकडे. डाव्या हाताने टाकतो आपण गिअर! लिव्हर उजवीकडे म्हणजे गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे इटलीतली. कुणाच्या तरी गाडीचा उचललेला फोटो. मी विचारलंही होतं. “काका, फोनमध्ये फोटो उलटा येतो,” म्हणाला. सेल्फी येतो तसा आला असेल, असं मला वाटलं. पण त्याच फोटोत मागे स्पीडोमीटर होता आणि त्यावरचे आकडे सरळ वाचता येत होते. फोटो उलटा असता तर आकडेही उलटे दिसले असते की नाही? हे डोक्यात आलं तेव्हा पैसे गेले होते. आजही तो फोटो उघडला की कानशिलं तापतात.

आता मला शहाणपण शिकवणाऱ्यांसाठी सांगतो. फोनवर तो फोटो नखाएवढा दिसत होता. माझी नजर आर्मवर होती, कारण मला हवा होता तो आर्म. आणि गॅरेजात हयातभर फियाट चालवलेल्या माणसांनी तो पाहिला, एकालाही खटकला नाही.

हिशेब लिहून ठेवतो. सेटची किंमत 36,500. त्यातले 15,000 आगाऊ. मग ‘दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे’ म्हणून उरलेले 21,500. मग पॅकिंग आणि विम्याचे 3,850, ‘विम्याचे परत मिळतील काका’. वर ट्रान्सपोर्टवाल्याला माल सोडवताना 2,240. क्यूआर कोडवर नाव भलत्याच बाईचं. विचारलं तर ‘वहिनीचं खातं आहे’. अशी वहिनी निघाली की तिथेच थांबायचं.

खोका उघडला आणि आमचे मिस्त्री हसायलाच लागले. लिव्हर अ‍ॅम्बेसेडरचा. गंजावर काळा रंग मारलेला, इतका ताजा की बोटाला लागला. दोन रॉड दोन वेगळ्या गाड्यांचे, नायलॉनचे बुश कुठल्या तरी लेथवर काढलेले. एकही भाग 1100 ला बसत नाही.

यापुढचा तमाशा जास्त संतापजनक. बँकेत गेलो तर “पिन तुम्हीच टाकलात ना?” पोलीस ठाण्यात गेलो तर “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा.” अहो, मागवला फियाटचा सेट, आला अ‍ॅम्बेसेडरचा दांडा! मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं. तर म्हणे विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. ते वाचून दाखवलं, तेव्हा साहेबांनी “मोबाईलवर वाचून आम्हाला कायदा शिकवू नका” म्हणत चहा मागवला. स्वतःसाठी. शेवटी एक साधा अर्ज घेतला, त्यावरही शिक्का मागून घ्यावा लागला. नंतर विचारायला गेलो तर तपास करणारे ‘बंदोबस्तावर’. ते सदैव बंदोबस्तावरच असतात. आणि एक जण तर म्हणाला, “एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला करता?” माझे पैसे कुणी चोरले हे शोधायचं सोडून हा मला गाडी विकायचा सल्ला देतो!

म्हणून पैसे गेल्या गेल्या आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ठाण्याची पायरी नंतर चढा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत ती गोठवली गेली तरच आशा असते. मी खोक्याची वाट बघत बसलो, तोवर सगळं रिकामं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो. मला दिलेल्या पत्त्यावर रसवंतीगृह आहे.

हँड गिअरचा सेट घ्यायचाच तर व्हिडिओ कॉलवर लिव्हर चारही गिअरमध्ये हलवून दाखवायला सांगा, तळाच्या आर्मवर खडूने तुमचं नाव लिहायला लावा. त्याहून बरं, आपला जुना आर्म हातात घेऊन स्वतः जा आणि शेजारी ठेवून बघा.

तो फोटो अजून फिरतोय. किंमत 38,000 झाली आहे, नाव नवीन आहे, स्पीडोमीटरचे आकडे अजून सरळच आहेत. यात ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी ट्रान्सपोर्टची पावती आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. एकट्याच्या अर्जाचं काय होतं ते वर लिहिलंय, चार-पाच जण मिळून थेट पोलीस अधीक्षकांकडे जाऊ.