डॉकवर काय बसवावं: सुटी प्लेट, स्प्रिंगचा लेव्हलर की हायड्रॉलिक?

भिवंडीकडे नवं गोदाम बांधणारे मालक फरशी नि रॅकवर महिनाभर खल करतात आणि डॉक लेव्हलर, म्हणजे माल चढवायच्या ओट्यावरून (डॉकवरून) गाडीत जायला लागणारी वरखाली होणारी फळी, मात्र कोटेशनचा तळचा आकडा बघून ठरवतात. आधी टेप घ्या. डॉक साधारण १२०० मिलिमीटर उंच बांधतात. छोटा हत्ती त्याच्या बराच खाली राहतो, कंटेनरचा ट्रेलर बहुधा वर जातो. युरोपच्या ईएन १३९८ मानकात चढउताराची मर्यादा १२.५ टक्के आहे. म्हणजे डॉक आणि गाडीच्या उंचीत ३०० मिलिमीटरचा फरक असेल तर निदान २.४ मीटर लांबीचा लेव्हलर लागतो. स्वस्तातला आखूड घेतलात तर हँडपॅलेट (हाताने ओढायची मालगाडी) उतारावर माणसाच्या अंगावर येतो.

सुटी चेकर्ड प्लेट सगळ्यात स्वस्त. लेव्हलरसारखा डॉकमध्ये खड्डाही नको, वीजही नको. दिवसाला दोनचार गाड्या, उंची जवळपास सारखी आणि काम हँडपॅलेटवर, तर ती चालेल. पण उचलताना हमालांची बोटं चेपतात, आणि गाडी जरा हलली की प्लेट निसटते. तिच्यावर फोर्कलिफ्ट घालणं मला तरी पटत नाही.

स्प्रिंगचा लेव्हलर साखळी ओढली की वर येतो आणि माणूस चालत गेला की खाली बसतो. वीज गेली तरी काम थांबत नाही. गाडी अचानक निघाली तर त्याचे आधारपाय फळी झेलतात. मात्र बुटक्या गाडीसाठी हेच पाय दुमडावे लागतात, म्हणजे नेमका तेव्हा तो आधार नसतो. स्प्रिंग सैल पडल्या की फळी नीट उठत नाही.

हायड्रॉलिकला बटण पुरतं. माल भरताना गाडी दबते तशी फळीही खाली जाते, आणि गाडी निघून गेली तर वेग रोखणारा व्हॉल्व्ह फळीला अधांतरी धरतो. खर्च जास्त, देखभालही जास्त. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, तेव्हा निचरा आधीच काढा. खड्ड्यात उतरताना फळीला टेकू लावल्याशिवाय कुणालाही सोडू नका. क्षमता विचारताना फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजनही धरा: ३ टन उचलणारा रिकामाच ४ टनांच्या वर भरतो.

गाडी पुढे सरकणं मात्र या तिघांपैकी कुणीच थांबवत नाही. चाकाखाली रबरी ठोकळे आणि ड्रायव्हरची किल्ली डॉक सुपरवायझरकडे, हा खर्च किरकोळ आहे.

चार डॉक असतील तर मी कंटेनरच्या दोनांवर हायड्रॉलिक बसवेन, तिसऱ्यावर स्प्रिंगचा, आणि छोट्या हत्तीसाठी चौथा डॉक सरळ कमी उंचीचा बांधेन.