अ‍ॅण्ड्रॉइडवर मेलसाठी डिफॉल्ट कोणतं ठेवावं : जीमेल, आउटलुक की थंडरबर्ड?

ज्यांचं सगळं एकाच जीमेल पत्त्यावर चालतं, त्यांनी अ‍ॅप बदलायच्या फंदात पडू नये. जीमेलच्या पत्त्याला जीमेलचं अ‍ॅप उत्तमच आहे. हा आढावा दोन-तीन पत्ते सांभाळणाऱ्यांसाठी आहे. माझं एक खासगी जीमेल आहे. शिवाय आमच्या दिवाळी अंकाच्या डोमेनवर एक मेलबॉक्स आहे आणि त्यात संपादकीय व जाहिरात अशा दोन पत्त्यांवरचे मेल येतात. पावसाळा सुरू झाला की लेख, चित्रं, जाहिरातींच्या पीडीएफ यांची जी रीघ लागते ती दिवाळीपर्यंत थांबत नाही, आणि यातलं निम्मं काम मी फोनवरूनच उरकतो.

माझा कल थंडरबर्डकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो का झाला, ते सांगण्यासाठी फोनसोबत आलेल्या मेल अ‍ॅपपासून सुरुवात करावी लागेल.

ते अ‍ॅप तसं देखणं आणि वेगवान होतं. पण एका मेलबॉक्सला एकच पत्ता असणार, असं ते धरून चालायचं. एखाद्या जाहिरातदाराने जाहिरातीच्या पत्त्यावर मेल पाठवला आणि मी फोनवरून उत्तर दिलं, की ते संपादकीय पत्त्यावरून जायचं. वरवर पाहता यात काय बिघडलं? पण आमच्या सर्व्हरवर नियम लावलेला आहे : जाहिरातीच्या पत्त्यावर आलेलं सगळं थेट जाहिरातीच्या फोल्डरमध्ये. जाहिराती बघणारे सहकारी तेवढाच फोल्डर उघडतात. माझं उत्तर दुसऱ्या पत्त्यावरून गेल्यामुळे जाहिरातदाराचा पुढचा मेलही त्याच दुसऱ्या पत्त्यावर यायचा. अर्ध्या पानाचा दर एका फोल्डरमध्ये, अंतिम आर्टवर्क दुसऱ्यात, असं चालायचं. त्यातून पाठवणाऱ्याच्या पत्त्याची ओळ घडी घालून ठेवलेली, ती उघडल्याशिवाय मेल कुठून चाललाय हे दिसतच नसे. त्यामुळे प्रत्येक उत्तराआधी ती ओळ उघडून बघायची, आणि बघूनही ती बदलता येत नाही म्हणून कम्प्यूटर गाठायचा. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, पण हे नाही.

जीमेलच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या कंपनीचं आयमॅप खातं, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून फोनवर दाखवणारं खातं, जोडता येतं, आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरेल. जीमेल खात्याला जोडलेले जादा पत्ते, जे आपण वेबवर सेटिंगमध्ये घालतो, तेही मोबाइलवर निवडता येतात. पण बाहेरून जोडलेल्या आयमॅप खात्यासाठी तशी सोय मला सापडलेली नाही. दुसरं असं की जीमेलचे स्वतःचे मेल क्षणात येतात, पण अशा खात्याचे मेल ठरावीक अंतराने तपासले जातात. घाईच्या दिवसांत, प्रेसमधून प्रूफ यायचं असताना, हा फरक जाणवतो. शोधाच्या बाबतीत मात्र जीमेलचा हात धरणारं कोणी नाही. वर्षांपूर्वीची पावती दोन शब्दांत सापडते.

आउटलुकबद्दल थोडक्यात. ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्टचं असेल, तर दुसरा विचार करू नका. मेल आणि कॅलेंडर एकत्र, मीटिंगचं आमंत्रण तिथल्या तिथे स्वीकारता येतं. पण आयमॅप खातं जोडलं तर त्याचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्गे फोनवर येतात. कुणाला यात काही वावगं वाटणार नाही. लेखकांनी विश्वासाने पाठवलेला अप्रकाशित मजकूर आणखी एका सर्व्हरवरून फिरावा, हे मला पटत नाही.

आता थंडरबर्ड. 2022 मध्ये के-नाइन मेल हे जुनं अ‍ॅप थंडरबर्ड या कम्प्यूटरवरच्या मेल प्रोग्रॅमच्या छत्राखाली आलं आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये थंडरबर्ड या नावाने अ‍ॅण्ड्रॉइडवर उतरलं. ते मुक्तस्रोत आहे, जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. माझ्या दृष्टीने त्यातली कळीची गोष्ट म्हणजे एका खात्याखाली कितीही ओळखी ठेवता येतात. प्रत्येकीचं नाव वेगळं, पत्ता वेगळा, खालची सही वेगळी. जाहिरातीच्या पत्त्यावर आलेल्या मेलला उत्तर द्यायला घेतलं की ते जाहिरातीची ओळख आपणहून निवडतं, आणि तो पत्ता लिहायच्या जागेच्या वर उघडा दिसतो. खात्यांना रंगही देता येतात. माझं खासगी निळं, अंकाचं केशरी. सगळे मेल एकाच यादीत असले तरी कोणता कुठला, हे न वाचता कळतं.

अडचणी आहेतच. मेल ताबडतोब हवे असतील तर पुश चालू करावं लागतं, आणि मग वरच्या पट्टीत एक सूचना कायम बसते. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या अ‍ॅपला मोकळीक दिली नाही, तर काही फोन त्याला मागच्या मागे बंद करतात. प्रत्येक फोल्डरमधले ताजे ठरावीक मेलच फोनवर उतरतात, जुनं शोधायचं तर सर्व्हरवर शोध घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. मीटिंगची आमंत्रणं रोज येणाऱ्यांनी तर आउटलुकच ठेवावं.

आयफोनवाल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे डिफॉल्ट मेल अ‍ॅप बदलायची मुभाच 2020 मध्ये, आयओएस 14 पासून मिळाली. पण ॲपलच्या मेलमध्ये एका आयमॅप खात्याला जादा पत्ते जोडता येतात, त्यामुळे माझ्यासारखी गरज असेल तर बदलायचं कारण उरत नाही. फक्त जीमेलचे मेल त्यात पुशने येत नाहीत, अधूनमधून आणले जातात.

अ‍ॅण्ड्रॉइडवर बदलताना एक लक्षात घ्या. डिफॉल्ट अ‍ॅपच्या यादीत ब्राउझर, फोन, एसएमएस दिसतात, मेल सहसा दिसत नाही. आधीच्या मेल अ‍ॅपच्या माहितीत जाऊन ‘ओपन बाय डिफॉल्ट’मधली जुनी निवड पुसायची. मग कुठल्याही ईमेल पत्त्यावर टॅप केलं की फोन विचारतो, तेव्हा नवं अ‍ॅप निवडून ‘नेहमी’ म्हणायचं. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवरच राहतात, काही हलवावं लागत नाही. जुन्या अ‍ॅपमधलं सिंक बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक मेलची सूचना दोनदा वाजेल. आणि ते काढून टाकण्याआधी त्यातले ड्राफ्ट आणि आउटबॉक्स बघून घ्या, कारण फोनवरच राहिलेला मसुदा अ‍ॅपबरोबर जातो.