देवळातल्या धान्य बँकेसाठी तीनपदरी हवाबंद पिशवी: कामाची, पण अख्खीच उसनी द्या

देवळात धान्य बँक चालवता येते, हे राळेगणसिद्धीने 1980 च्या दशकात यादवबाबांच्या मंदिरात दाखवून दिलं. सुगीला घालायचं, अडीनडीला न्यायचं, पुढच्या सुगीला वाढीसह फेडायचं. देवासमोर मापलेलं धान्य सहसा बुडत नाही. ते जातं सोंड्यांच्या पोटात.

बाहेर विणलेली गोणी, आत 80 मायक्रॉनच्या दोन प्लास्टिक पिशव्या, अशी या तीनपदरी पिशवीची रचना. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने ती 1980 च्या दशकात कॅमेरूनमध्ये चवळीसाठी बसवली. तत्त्व मात्र आपल्या पेवाचंच, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याचं: आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि मरतात. पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नसे, ते याचमुळे. औषधाची गरजच उरत नाही. सप्ताहात माणसं देवळातच झोपतात, तिथे सेल्फॉसच्या, म्हणजे विषारी वायू सोडणाऱ्या कीडनाशकाच्या गोळ्या ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

भरण्याआधी ज्वारी चाळा. काडी राहिली तर प्लास्टिकला भोक पाडते. मग वाळवा. बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवायचं, पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं, ही परीक्षा बरेच जण करतात. पण मीठ चिकटतं ते ओलावा साधारण 15 टक्क्यांवर असला तर, आणि पिशवीला 12 च्या आसपास हवा. म्हणून मीठ सुटं राहिलं तरी दाणा दाताखाली धरून बघा. कट्कन फुटला तर भरा, दबला तर आणखी दोन उन्हं द्या. ओलं धान्य कोंडलं की बुरशी धरते, आंबूस वास येतो. कडुनिंबाचा हिरवा पाला आत टाकू नका, तो ओलावाच घालतो.

भरताना दाबत, ठोकत हवा काढा. वर हातभर तोंड मोकळं ठेवा, पीळ द्या, दुमडा, सुतळीने करकचून बांधा. दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या. एकाच गाठीत दोन्ही तोंडं आवळणं ही नेहमीची चूक.

धान्य बँकेला खरी अडचण येते ती वाटपात. आज दोन पायली, परवा चार, असं तोंड सुटत राहिलं की प्रत्येक वेळी नवी हवा शिरते आणि उरलेले किडे सावरतात. त्यामुळे 50 किलोची पिशवी हेच उसनवारीचं माप ठरवा. कमी हवं असेल तर दोन घरांनी मिळून न्यावी. किरकोळ वाटपाला पत्र्याची कोठीच बरी.

उंदरांपुढे मात्र पिशवीचं काही चालत नाही. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा, आणि नैवेद्याचा नारळ-गूळ त्याच खोलीत ठेवू नका. किंमत साध्या गोणीच्या कित्येक पट, पण आतल्या पिशव्या शाबूत असतील तर पुढच्या सुगीलाही चालतात. रिकामी पिशवी हवेने फुगवून तोंड आवळा आणि गालाजवळ धरून दाबा. बारीक भोकातली हवा लगेच कळते.