वाचनालयाचं वर्षाचं कॅलेंडर: कुठे आवर्जून जावं, कुठे नाही गेलं तरी चालेल

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होता होता आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. अनामत तीनशे रुपये, वर्गणी महिना पन्नास, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. देवघेवीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पुस्तकं बरी आहेत आणि ग्रंथपाल मॅडमना कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते तोंडपाठ आहे. मला लिहायचंय ते तिथे ऋतूप्रमाणे, सणवाराप्रमाणे जे कार्यक्रम होतात त्यांच्याबद्दल. त्यातले बहुतेक त्याच वर्गणीत येतात, पण निम्म्याहून जास्त सभासद पुस्तक बदलून पायरीवरूनच परत जातात. काही कार्यक्रमांच्या बाबतीत त्यांचं काही बिघडत नाही. काहींच्या बाबतीत मात्र बरंच हुकतं.

वर्षभर जाऊन माझा साधा हिशोब झालाय. जिथून निघताना हातात वाचायला काहीतरी असतं, तो कार्यक्रम चांगला. जिथून निघताना हातात फक्त पेढा असतो, तो चुकला तरी चालतो.

नव्या सभासदाच्या मनात एक गैरसमज असतो, तो आधी काढलेला बरा. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नसतात. ती संस्थांनी चालवलेली असतात, 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. आमचं ब वर्गातलं. हे अनुदान हप्त्यांनी येतं, त्यातूनच पगार, त्यातूनच पुस्तकखरेदी, आणि उरलं तर कार्यक्रम. वर पुन्हा तपासणीच्या वेळी वर्षभरात काय काय साजरं केलं त्याची फाइल दाखवावी लागते, फोटोसकट. त्यामुळे काही कार्यक्रम वाचकांसाठी होतात आणि काही त्या फाइलसाठी. दोन्हींतला फरक ओळखायला मला दिवाळीपर्यंतचा वेळ लागला.

पावसाळ्याचे महिने तसे सुस्तच. आषाढीच्या आठवड्यात संतसाहित्याची पुस्तकं टेबलावर मांडून ठेवतात, बास. पण ते टेबल मला आवडलं, कारण त्यावरची पुस्तकं तिथल्या तिथे नावावर करून घरी नेता येतात. सासूबाईंनी त्यातली दोन जुनी, मोठ्या टायपातली पुस्तकं नेली आणि श्रावणभर पुरवली. नाहीतर प्रदर्शन म्हटलं की ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी असतेच.

12 ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, म्हणून ग्रंथपाल दिन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारा माणूस. त्यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्याकडे हे सूत्र प्रमुख पाहुण्यांनी समजावून सांगितलं, त्याआधी प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि सहा जणांचे सत्कार झाले. तोवर बाहेर देवघेवीची खिडकी बंद, आणि पुस्तक बदलायला आलेले लोक छत्र्या मिटून व्हरांड्यात उभे. ग्रंथपाल दिनी ज्यांचा सत्कार त्या ग्रंथपाल मॅडमच खुर्च्या लावत होत्या.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यापेक्षा बरा. डॉ. कलाम यांच्या जयंतीला 2015 पासून तो राज्यभर होतो, त्यामुळे शाळेतून मुलं रांगेने येतात. भाषण झालं, पण आटोपशीर. मग मुलांना कपाटांमध्ये मोकळं सोडलं आणि अर्धा तास ज्याला जे हवं ते वाचू दिलं. माझी लेक पाचवीत आहे, तिला तिथे सापांवरचं एक पुस्तक सापडलं आणि ते घरी आणण्यासाठीच तिने बाल सभासद होण्याचा हट्ट धरला. अर्ध्या तासात नवे सभासद मिळतात हे कार्यकारिणीच्या लक्षात आलंय की नाही, कोण जाणे.

आता दिवाळी अंक योजनेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते अख्ख्या वर्षात पैसे वसूल करणारी गोष्ट ती एकच आहे. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे फराळाबरोबर अंक हे ठरलेलंच. पण आज एकेका अंकाची किंमत तीनशे-चारशेच्या घरात गेली आहे. घरी दोन घेतले तरी खिसा हलका होतो. वाचनालयात वेगळे अडीचशे रुपये भरले की दिवाळीपासून होळीपर्यंत शंभरावर अंक आलटून पालटून वाचायला मिळतात. एका वेळी एक अंक, चार दिवसांत परत, उशीर झाला तर दिवसाला दोन रुपये दंड.

अंक येतात ते वसुबारसेच्या आगेमागे, एकदम नव्हे, गठ्ठ्यागठ्ठ्याने. प्रत्येकाला आधी खाकी कव्हर, पाठीवर नंबर, पहिल्या आणि मधल्या एका ठरावीक पानावर शिक्का. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी वाटप सुरू झालं. साडेनऊला खिडकी उघडते, नऊलाच रांग. पुढे पेन्शनर मंडळी, प्रत्येकाच्या खिशात हव्या त्या अंकांची यादी. ‘मौज’ कुणाकडे गेलाय, ‘धनंजय’ आला का, ‘आवाज’ला किती नंबर आहेत, याची चर्चा रांगेतच. कुणाकडे अंक अडकलाय हे मॅडमना विचारायच्या आधी रांगेलाच ठाऊक असतं. मागणी जास्त असलेल्या अंकांसाठी नोंदवहीत नंबर लावायचा, आणि आपला नंबर आला की फोन येतो. ‘आवाज’ माझ्या हाती आला तो संक्रांतीनंतर, आणि त्यातल्या खिडकीचित्रांपैकी (झाकण उचललं की खालचं चित्र दिसतं ती) एका चित्राचं झाकणच गायब होतं. पुढच्या वाचकाने माझ्यावर आळ घेऊ नये म्हणून मॅडमना दाखवून तसा शेरा लिहून घेतला. नव्या सभासदांना माझा सल्ला, अंक घरी नेण्याआधी खिडकीपाशीच चाळून बघा. फाटलेलं पान तिथे दाखवलं तर दंड नाही, घरून आणून दाखवलं तर वाद.

या योजनेचा खरा फायदा वेगळाच निघाला. विकत घेताना आपण ओळखीचीच नावं घेतो. इथे हवा तो अंक बाहेर असला की मॅडम समोर जे असेल ते पुढे सरकवतात. त्यामुळे ज्यांची नावंही ऐकली नव्हती असे जिल्ह्याच्या गावांतून निघणारे छोटे अंक वाचले. शेतीवरचा एक, नाटकावरचा एक. काही अगदीच जाहिरातींनी भरलेले, तेही सांगायला हवं. सासूबाई आधी राशिभविष्य उघडतात, मग पाककृती, मग कथा. ‘किशोर’च्या अंकासाठी लेकीला बाल विभागात वेगळा नंबर लावावा लागला. अडीचशे रुपयांत घरातल्या तिघींची चार महिन्यांची सोय झाली.

एक खटकलेली गोष्ट. दोन-तीन जुने सभासद नवे अंक खिडकीवर यायच्या आधीच आतून घेऊन जातात. ते कार्यकारिणीच्या बैठकीत असतात म्हणून. मॅडमना विचारलं तर त्या हसून विषय बदलतात, त्यांच्या हातात ते नाही. पण सगळ्यांनी सारखेच पैसे भरलेत, मग नंबरही सगळ्यांना सारखा हवा.

नोव्हेंबरातला ग्रंथालय सप्ताह दिवाळीच्या गर्दीत येतो आणि जातो. जानेवारीत 14 ते 28 मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, शुद्धलेखन स्पर्धा, हस्ताक्षर स्पर्धा, प्रमाणपत्रं. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून या सगळ्या भाषणांत एक परिच्छेद वाढला आहे. कवितावाचन मात्र चांगलं झालं, कारण गावातलीच माणसं वाचत होती. बसस्थानकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक गृहस्थ इतक्या सहज ओव्या म्हणतील असं वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पेढ्याचा नियम थोडा सैल केला.

उन्हाळ्यात व्याख्यानमाला. न्या. रानडे यांनी पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचं वळण पुढे गावोगावच्या वाचनालयांनी गिरवलं. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी पाच दिवस असते, संध्याकाळी सात वाजता, मागच्या पटांगणात सतरंज्या आणि मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. वक्ते बाहेरगावचे, विषय संमिश्र. पाण्यावरचं एक आणि किल्ल्यांवरचं एक व्याख्यान ऐकण्यासारखं होतं, बाकीचे तीन दिवस लोक डास मारत बसले. सुधारणा सुचवायची तर एकच. ज्या विषयावर बोलणं, त्या विषयाची पुस्तकं त्याच संध्याकाळी बाहेर टेबलावर ठेवावीत. किल्ल्यांवरचं भाषण संपलं तेव्हा मुलांचा घोळका पुस्तक मागायला आत गेला आणि देवघेव सातलाच बंद झालेली. दुसऱ्या दिवशी त्यातलं कोण परत येतंय?

याच व्याख्यानमालेवरून दरवर्षी कुरबूर होते ती अभ्यासिकेची. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली सकाळपासून रात्री दहापर्यंत बसतात. त्यांची फी वेगळी, आणि खरं सांगायचं तर रोज येणारा वाचक आज तोच आहे. खाली लाउडस्पीकर लागला की त्यांचं वाचन संपलं. पाच दिवस कानात कापूस घालून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. एक मुलगी मला म्हणाली, “ताई, व्याख्यानाला आमचा विरोध नाही, पण स्पीकरचं तोंड तरी रस्त्याकडे करा.” स्पीकरचं तोंड फिरवायला खर्च येत नाही. तरी ते फिरलं नाही.

आणि मे महिन्यातला मुलांचा उपक्रम. पत्रकावर ‘उन्हाळी वाचन शिबिर’ असं नीरस नाव होतं, म्हणून लेकीला पाठवताना मला फार अपेक्षा नव्हती. सकाळी आठ ते दहा, दहा दिवस, शंभर रुपये. पहिला तास वाचन, दुसरा तास हातकाम. हातकामात पुस्तकं दुरुस्त करायला शिकवलं. वाचनालयाची बाइंडिंगची कामं करणारे काका आहेत, सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी मुलांना जमिनीवर बसवलं, मैद्याची खळ कशी शिजवायची ते दाखवलं, गुठळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते मात्र त्यांनी मुलांना हात लावू न देता स्वतः घातलं. मग सुटलेली पानं नंबराप्रमाणे लावायची, टोच्याने भोकं, जाड दोऱ्याने शिवण, पाठीला कापडी पट्टी, वर पुठ्ठा, आणि रात्रभर विटांखाली दाबून ठेवायचं. आमच्या लेकीच्या वाट्याला आलेल्या गोष्टींच्या पुस्तकाचं सोळावं पान नव्हतंच. तिने दुसऱ्या शाखेतल्या प्रतीवरून ते पान हाताने लिहून काढलं, चित्रासकट, आणि काकांनी ते जागेवर शिवून दिलं. पुस्तक आता बाल विभागात आहे, ज्याला हवं त्याला मिळतं. मुलगी दर शनिवारी ते जागेवर आहे की बाहेर गेलंय ते बघून येते.

शिबिरात वीसच मुलं घेतात, आणि नावनोंदणीची सूचना फक्त फळ्यावर लागते. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यात सुप्रभात आणि वाढदिवस एवढेच येतात. सूचना दुपारी लागली, संध्याकाळपर्यंत जागा भरल्या. नोकरी करणाऱ्या आईबापांची मुलं अशीच राहतात. यावर मी सूचनापेटीत चिठ्ठी टाकली आहे, पेटी उघडली जाते की नाही ते पुढच्या मेमध्ये कळेल.

आणखी दोन-तीन गोष्टी लवकर सांगते. स्वच्छतागृह एकच आहे आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्याची किल्ली शोधावी लागते. कार्यक्रम बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी चार-पाचला ठेवतात, म्हणजे नोकरदार आपोआप वगळले जातात. रविवारी सकाळी ठेवले तर समोरच्या खुर्च्यांवर फक्त पदाधिकारी दिसणार नाहीत. ज्येष्ठांसाठी व्हरांड्याच्या पायऱ्यांना कठडा हवा आहे, सासूबाई पावसाळ्यात त्यामुळेच यायच्या थांबल्या. चहा मात्र चांगला असतो, आलं घातलेला.

तर नव्याने सभासद होणाऱ्यांनी जयंत्या-पुण्यतिथ्यांची पत्रिका आली म्हणून रजा टाकू नये. घरात लहान मूल असेल तर बाल सभासदत्व जूनमध्येच घ्या, कारण शिबिरात पहिली पसंती बाल सभासदांना मिळते. दिवाळी अंकांची नावनोंदणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते, सुटे पैसे लागतात आणि पावती जपून ठेवावी लागते. व्याख्यानमालेला जाणार असाल तर त्या विषयाचं पुस्तक दुपारीच बदलून घ्या, खिडकी सातला बंद होते. मी पुढच्या वर्षाची वर्गणी एकदम भरली आहे, वर्षाची एकदम भरली की एक महिना माफ असतो.