पत्रिकेची वेल: गिम्पमध्ये काढावी की इंकस्केपमध्ये?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नतिथी जवळ आल्या की आमच्या अमळनेरात पत्रिकांची कामं एकदम अंगावर येतात, आणि बहुतेकांना कडेनं वेल हवी असते. कोयरी, तिच्यातून निघालेला लांब देठ, टोकाला घट्ट वेटोळं. तयार क्लिपआर्ट मिळतं, पण तीच वेल शेजारच्या गल्लीतल्या पत्रिकेवरही निघते. म्हणून मी स्वतः काढतो. आधी बरीच वर्षं गिम्पमध्ये काढली, आता इंकस्केपमध्ये. दोन्ही संगणकावर चित्र काढायचे मोफत प्रोग्राम आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. हाताला काय बसतं, एवढंच बघायचं.

फोटोवर काम असेल तर गिम्पला तोड नाही, हे आधीच सांगतो. नवरदेव-नवरीच्या फोटोभोवती वेल फिरवायची, तिची सावली मागच्या भिंतीवर पाडायची, हे तिथे सहज होतं.

अडचण वेलीच्या वळणात आहे. दोन्हीकडे पद्धत बेझिए वक्राचीच: बिंदू ठेवायचा आणि त्याच्या दोन बाजूंच्या हँडलांनी रेषेला ओढ द्यायची. देठ लांब आणि संथ, वेटोळं लहान आणि घट्ट. दोन्ही भेटतात त्या बिंदूवर एक हँडल लांब हवं, दुसरं आखूड, पण दोन्ही एकाच सरळ रेषेत. माझ्या गिम्प २.१० मध्ये शिफ्ट दाबून ओढलं की हँडलं एका रेषेत येतात, पण लांबीही सारखीच होते. लांबी वेगळी हवी तर शिफ्ट सोडायची आणि रेष नजरेनं जुळवायची. स्क्रीनवर जुळलेली वाटते. छापून आली की तिथे बारीकशी गाठ दिसते. सोनेरी शाईतल्या एका पत्रिकेवर प्रत्येक वेटोळ्याच्या मुळाशी अशी गाठ आली होती. मुलीच्या आईनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "भाऊ, आठे येल मोडनी का?" ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

इंकस्केपमध्ये तोच बिंदू निवडून शिफ्ट आणि एस दाबलं की हँडलं सरळ रेषेत राहतात आणि लांबी ज्याची त्याला. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

त्याच्या पेन टूलमध्ये स्पायरो नावाचा प्रकारही आहे. त्यात हँडलं ओढायचीच नसतात. बिंदू ठेवत जायचं, वळण तो बसवतो. भुसावळच्या बाजूला रूळ बघा: सरळ रूळ एकदम वळत नाही, वळण हळूहळू वाढत जातं. स्पायरोची कल्पना तीच. मात्र बिंदू फार दूर किंवा वेडेवाकडे पडले तर रेष भलतीकडे गरगरते, म्हणून सुरुवातीला कमी बिंदूंत सराव करावा.

दुसरा फरक बदलांचा. गिम्पमध्ये पाथला, म्हणजे आखलेल्या वळणाला, स्ट्रोक दिला (त्यावरून रंगाची रेष ओढली) की लेयरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, पिक्सेल (रंगाचे ठिपके) उमटतात. "जरा बारीक करा" म्हटलं की लेयर पुसून पुन्हा स्ट्रोक द्यायचा. पाथ शिल्लक असतो, त्यामुळे फार बिघडत नाही, पण चौथ्यांदा कंटाळा येतो. इंकस्केपमध्ये जाडीचा आकडा बदलला की झालं, आणि पत्रिकेचीच वेल मांडवाच्या फ्लेक्सवर नेली तरी कडा फुटत नाहीत.

गिम्पच्या बाजूनं एक गोष्ट मनापासून सांगायला हवी. स्ट्रोक देताना ब्रश निवडून ब्रश डायनॅमिक्सच्या अनुकरणावर (हाताच्या दाबासारखी रेषेची जाडी कमी-जास्त करणाऱ्या सोयीवर) खूण केली, तर टोकं निमुळती होतात आणि रेषेला शाईच्या हाताचा ओलावा येतो. इंकस्केपमध्ये रेषेला लंबगोल आकार देऊन टोकं निमुळती होतात, पण मला ती थोडी कोरडी वाटतात. तुमचं काम हातानं काढल्यासारखं दिसण्यावर चालत असेल, तर तुमचा कौल वेगळा पडू शकेल.

मी हल्ली वळण इंकस्केपमध्येच बसवतो. ओलावा हवा असेल तर ती एसव्हीजी फाइल (रेषा ठिपक्यांऐवजी वळणांच्या रूपात साठवणारी) गिम्पच्या पाथ्सच्या यादीत इम्पोर्ट करतो आणि तिथे ब्रशनं स्ट्रोक देतो. वळण आयतं आलेलं असतं, गाठ येत नाही.